पळवापळवी कोणाची, पायबंद कोणाला?

२०२५ सालच्या ऑगस्टमध्ये भारताने मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे, म्हणजे आयकाओपुढे, एक गाऱ्हाणं ठेवलं. परदेशी विमान कंपन्या आमची अनुभवी माणसं सतत उचलून नेतात, त्यामुळे आमच्या विमान वाहतुकीची शिस्तशीर वाढ खुंटते, तेव्हा अशा भरतीसाठी सदस्य देशांनी काहीतरी आचारसंहिता पाळावी, असा त्याचा मथितार्थ. तेव्हापासून हा विषय निघाला की टीव्हीवर काय किंवा लग्नाच्या पंगतीत काय, दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, देशाने शिकवून मोठं केलं आणि हे निघाले दिरहम-रियालच्या मागे. दुसरा म्हणतो, जास्त मिळेल तिथे माणूस जाणारच, त्यात सरकारने पडायचं कारण काय? पहिल्याच्या लेखी वैमानिक म्हणजे देशाच्या दप्तरी नोंदलेली मालमत्ता. दुसऱ्याच्या लेखी परदेशातली नोकरी म्हणजे पगाराचा आकडा आणि बाकी शून्य.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कंपन्यांच्या आपसातल्या ओढाताणीची किंमत वैमानिकाच्या आयुष्यातल्या एका वर्षातून वसूल करणं अन्यायाचं आहे, आणि त्याचा उपयोगही नाही. सरकारने या मामल्यात जरूर पडावं, पण जाणाऱ्याचा पाय धरायला नको, तो परक्या देशात पोचल्यावर त्याच्या बाजूने बोलायला.

‘एक वर्ष’ हा अलंकार नाही. २०१७ साली डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, नियम केला की कमांडरने, म्हणजे विमानाच्या कॅप्टनने, नोकरी सोडण्याआधी एक वर्षाची नोटीस द्यायची आणि फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, सहा महिन्यांची. त्याआधी कमांडरलाही सहाच महिने होते. हृदयावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन तीन महिन्यांत इस्पितळ बदलू शकतो, बँकेचा सरव्यवस्थापक बदलू शकतो, वैमानिकाला वर्षभर थांबावं लागतं. कोणती परदेशी कंपनी ‘ये, पण पुढच्या दिवाळीला आलास तरी चालेल’ म्हणेल? म्हणजे कागदावर ही नोटीस आहे आणि व्यवहारात दाराला घातलेली कडी.

आता ‘देशाने शिकवलं’ या वाक्याचं काय ते पाहू. माझा भाचा बारावीनंतर धुळ्याच्या धावपट्टीवर उडायला शिकला. कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे तास लागतात, आणि त्यातला प्रत्येक तास पैसे मोजून भरावा लागतो. भावाने नाशिकचा फ्लॅट गहाण टाकला. लायसन्स हातात आल्यावर टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायच्या परवान्याचा, खर्च वेगळा. आज या सगळ्याचा हिशेब पन्नास लाखांपासून कोटीच्या घरात जातो. आयआयटीत किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्याच्या शिक्षणावर जनतेचा पैसा लागतो, हे खरं, आणि त्यांच्याबद्दल हा प्रश्न विचारला तर निदान त्याला पाया तरी आहे. पण बहुतेक वैमानिकांना देशाने शिकवलेलं नसतं, बापाच्या गहाणखताने शिकवलेलं असतं. गंमत अशी की ज्यांच्या शिक्षणावर सरकारी तिजोरी रिकामी झाली त्या अभियंत्यांना विमानतळावर हार घालून निरोप देतात.

तरीही समोरच्या बाजूचे तीन मुद्दे मला मानावे लागतात. पहिला असा, की लायसन्स म्हणजे कॅप्टन नव्हे. सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीतून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत जायला हजारो तास आणि काही वर्षं लागतात. पावसाळ्यातली मुंबई, धुक्यातली दिल्ली, लेहची दरी हे सगळं भारतीय कंपनीच्या विमानात, तिच्या विम्यावर आणि तिच्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकलं जातं. फळ पिकल्यावर तोडायला येणाऱ्याने झाडाला पाणी घातलेलं नसतं. दुसरा मुद्दा प्रवाशांचा. दहा-वीस कॅप्टन एका महिन्यात उठून गेले तर तिकीट काढून बसलेल्या माणसाची फजिती होते, आणि विमान वाहतूक ही किराण्याच्या दुकानासारखी आज बंद ठेवून उद्या उघडायची गोष्ट नाही. तिसरा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आखातातल्या मोठ्या विमान कंपन्या तिथल्या राज्यसत्तेच्या मालकीच्या आहेत, आणि आयकर नसलेल्या देशातून त्या पगार देतात. ही बरोबरीची कुस्तीच नव्हे.

पण या मुद्द्यांतून वर्षभराची नोटीस कशी निघते, ते काही केल्या समजत नाही. प्रशिक्षणाचा खर्च भरून घ्यायचा असेल तर बॉण्ड आहे. अमुक वर्षं नोकरी कर, नाहीतर उरलेले पैसे भर, हा सरळ व्यवहार झाला आणि तो कंपन्या करतातच. पैसे फिटल्यावरही माणूस अडकून का राहावा? प्रवाशांच्या फजितीबद्दल बोलायचं तर २०२३ साली आकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस पुरी न करता गेले, उड्डाणं रद्द झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. ही या वादातली हमखास दिली जाणारी साक्ष. पण कंपनीची तक्रार होती की माणसं देशातल्याच प्रतिस्पर्ध्याकडे गेली! मॉन्ट्रियलची कुठली आचारसंहिता हे थांबवणार होती? आणि बरोबरीची कुस्ती नाही म्हणावं, तर आपल्या कंपन्यांना सरकारने आधीच कवच दिलेलं आहे. दुबईच्या मार्गावर दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६५ हजार जागांची मर्यादा आहे, ती वाढवा म्हणून एमिरेट्स वर्षानुवर्षं मागे लागलेली आहे, आणि दिल्ली ती वाढवत नाही. त्यामागे कारणं असतील. पण प्रवासीही राखीव आणि वैमानिकही राखीव, असं असेल तर कंपन्यांनी स्पर्धा करायची तरी कशात?

मुळात तुटवडा कशाचा आहे? २०२३ साली डीजीसीएने १,६२२ कमर्शियल लायसन्सं दिली, तोवरचा तो उच्चांक. त्यांतली कित्येक मुलं आजही सिम्युलेटरच्या परीक्षांच्या रांगेत उभी आहेत आणि घरी कर्जाचे हप्ते चालू आहेत. तुटवडा वैमानिकांचा नाही, कॅप्टनचा आहे. त्याच २०२३ सालात एअर इंडियाने ४७० विमानांची खरेदी जाहीर केली आणि इंडिगोने एका दमात ५०० विमानांची. विमान विकत घ्यायला सही लागते, कॅप्टन घडवायला वर्षं लागतात. ज्याने सही केली त्याला हे गणित ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? मग डिसेंबर २०२५ उजाडला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पुरते लागू झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास, आणि रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. नियम अचानक आलेले नव्हते, तरी देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला, इंडिगोला, रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, जमवता आलं नाही. हजारो उड्डाणं रद्द झाली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. आणि उपाय काय निघाला? त्या कंपनीला १० फेब्रुवारीपर्यंत सवलत, आणि आठवड्याच्या विश्रांतीऐवजी रजा धरता येणार नाही हे कलम सगळ्यांसाठीच मागे. माणसं कमी पडली कंपनीला आणि सैल झाली वैमानिकाची झोप. नोटिशीच्या नियमामागेही हीच रीत आहे. कंपनीचं नियोजन चुकलं की दुरुस्ती माणसाच्या अंगावर करायची.

नोटिशीचा हा आग्रह एकतर्फी कसा आहे, ते १७ एप्रिल २०१९ ला दिसलं. त्या दिवशी जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. वैमानिकांचे पगार कित्येक महिन्यांचे थकलेले होते. त्यांना किती महिन्यांची नोटीस मिळाली होती? त्याआधी २०१२ साली किंगफिशरच्या लोकांना?

कारागिराला देशात डांबून ठेवण्याचा प्रयोग नवा नाही. इंग्लंडने तो शंभरावर वर्षं करून पाहिला. १७१९ पासून १८२४ पर्यंत तिथे कायदाच होता, की कुशल कारागिराने परदेशी धंदा करायला जायचं नाही. सॅम्युअल स्लेटर नावाचा एक तरुण सूतगिरणीत उमेदवारी करून सगळी यंत्रं डोक्यात साठवून १७८९ साली शेतमजूर म्हणवून जहाजात चढला, आणि अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये पॉटकेटला त्याने पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी करून दिली. अमेरिकेत त्याला औद्योगिक क्रांतीचा जनक म्हणतात. त्याच्या गावी, बेलपरला, ‘गद्दार स्लेटर’ म्हणत. कायद्याने तो अडला नाही, आणि तो गेल्याने मँचेस्टर बसलंही नाही. शेवटी इंग्रजांनीच तो कायदा रद्द केला. पुढे आपल्या मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा लँकेशायरचेच मास्तर पगार देऊन आणले गेले. आणि त्याच्याही आधी, १७३६ साली, ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना जहाजं बांधायला मुंबईत आणलं, ते सुरतेच्या दृष्टीने काय होतं? मुंबईसारखी शहरं अशी दुसऱ्यांकडून माणसं आणूनच मोठी झाली. तिथे बसून पळवापळवीच्या नावाने बोटं मोडणं शोभत नाही.

विमान वाहतुकीत तर भारताचे हात अजिबात कोरडे नाहीत. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, आणि तेच टपाल पुढे मद्रासकडे नेलं ते नेव्हिल व्हिंटसेंट या ब्रिटिश हवाई दलातून आलेल्या वैमानिकाने. टाटांच्या विमान कंपनीची मूळ कल्पनाही त्याचीच. या शतकाच्या पहिल्या दशकात खासगी कंपन्या वाढल्या तेव्हा परदेशी कॅप्टनांची रीघ लागली. त्यांना काढायच्या मुदती ठरायच्या आणि दर वेळी वाढायच्या. इथे वैमानिक मंडळींनाही एक कोपरखळी दिली पाहिजे. आज स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच संघटना तेव्हा ‘परक्यांना हाकला’ म्हणून घोषणा देत होत्या. २०२२ साली एअर इंडियाची सूत्रं सिंगापूर एअरलाइन्स समूहातून आलेल्या न्यूझीलंडच्या माणसाने घेतली, आणि इंडिगोची केएलएममधून आलेल्या डच माणसाने. इंडिगोने तुर्की आणि नॉर्वेच्या कंपन्यांकडून मोठी विमानं भाड्याने घेतली, ती तिथल्या वैमानिकांसकट. नेदरलँड्सने त्याबद्दल कुठे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. माणसं येतात तेव्हा ती ‘जागतिक गुणवत्ता’, जातात तेव्हा ती ‘पळवापळवी’?

‘इथलं सोडून गेला तो आपला राहिला नाही’ असं एक बोलणं या वादात हळूच येतं. त्याला उत्तर म्हणून मला एकच नाव पुरे वाटतं. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीच्या धावपट्टीवर अतिरेक्यांनी विमान ताब्यात घेतलं, ते पॅन ॲमचं होतं, अमेरिकन. कॉकपिटमधले वैमानिक वरच्या झडपेतून निसटले. मागे उरले प्रवासी आणि मुंबईहून चढलेला भारतीय केबिन क्रू. अमेरिकन प्रवासी ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे पासपोर्ट दडवणारी ही मंडळी परदेशी कंपनीची नोकर होती. त्यांची प्रमुख नीरजा भनोत तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस असताना मारली गेली, आणि भारताने तिला अशोकचक्र दिलं. तिचा गणवेश कोणत्या कंपनीचा होता हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

केबिन क्रूचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. वसईतून, पार्ल्यातून, मडगावातून शेकडो मुली आखाती कंपन्यांत जातात. त्यांच्याबद्दल ‘देशाचं नुकसान’ हा शब्द या चर्चेत कधी कानावर येत नाही, कारण त्यांच्या जागी दुसरी मुलगी लगेच मिळते. देशप्रेमाची मागणी कोणाकडे करायची हे बाजारातल्या टंचाईवर ठरतं, एवढं तरी यातून कळावं.

इथवर वाचून दुसरा पक्ष खूश झाला असेल, तर त्यांच्याशीही माझं भांडण आहे. जाऊ द्या त्यांना, मजेत राहतील, हे म्हणणं भाबडं आहे. कोकणातले आणि गोव्यातले लोक परक्या कंपनीच्या जहाजावर पहिल्यांदा गेले ते पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर. गोव्याचे स्टुअर्ड, रत्नागिरीचे खलाशी. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहायच्या जागा, उभ्या राहिल्या ते याच नोकरदारांसाठी. त्यांचा करार वेगळा असे, पगार गोऱ्या खलाशाच्या कित्येक पटींनी कमी, झोपायची जागाही कमी. शिवाय १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने त्यांना इंग्लंडात राहू न देता परत हिंदुस्थानात धाडायची सोय करून ठेवलेली होती. काम हवं, माणूस नको. कॉकपिटमध्ये आज असं उघडपणे दिसत नाही. पण काही युरोपीय कंपन्या मुंबई-दिल्लीत केबिन क्रू भरतात, तेव्हा त्याच विमानातल्या युरोपीय सहकाऱ्याचा करार एक आणि यांचा दुसरा असतो. आखातात तर राहायची परवानगीच नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत घर, मुलांची शाळा, सगळं आवरून निघायचं, मग तिथे पंधरा वर्षं काढलेली असोत. कोविडच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, एमिरेट्स समूहाचं मनुष्यबळ ३१ टक्क्यांनी घटून ७५,१४५ वर आलं. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटनेला मुभा नाही, संपाला नाही. दाद मागायची कुणाकडे?

कतार एअरवेजचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिथल्या करारात केबिन क्रूने लग्नासाठी कंपनीची परवानगी घ्यायची अट होती आणि गरोदरपणात नोकरी जाऊ शकत होती. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने तक्रार नेली, २०१५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हा भेदभाव ठरवला, आणि त्याच सुमारास कंपनीने अटी सैल केल्या. आता आठवा, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींवरही कधीकाळी अशीच अट होती. पहिल्या गरोदरपणाला नोकरी समाप्त. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. न्यायालयाने सगळ्या जाचक अटी काढल्या असं नाही, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही ही अट तशीच राहिली. पण त्या बायकांना जायला एक दार तरी होतं. दोह्यातल्या वसईच्या मुलीला ते दार नव्हतं. तिची तक्रार नेली ती एका कामगार महासंघाने. तिच्या सरकारने नव्हे.

म्हणून मॉन्ट्रियलला आचारसंहिता मागायचीच तर ती पुरती मागा. असा एक नमुना तयारही आहे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-परिचारिकांच्या परदेशी भरतीसाठी संहिता केली. ती ऐच्छिक आहे, तिचे दात पडलेले आहेत हेही खरं, पण तिच्यात दोन्ही बाजू आहेत. गरीब देशांची इस्पितळं रिकामी करू नका, आणि आलेल्या परदेशी परिचारिकेला स्थानिक परिचारिकेइतकेच हक्क द्या. भारताच्या गाऱ्हाण्याचा रोख मात्र भरतीवर आहे. भरती कमी करा हे आपण जगाला सांगतो. भरती झालेल्या भारतीयाला काढताना किती मुदत द्याल, तक्रारीला कुठे जागा ठेवाल, हे कोण विचारणार? ६५ हजार जागांवर घासाघीस करायला आपल्याला येते. त्याच टेबलावर ही दोन कलमं ठेवायला काय हरकत आहे? आणि परदेशी कंपनीने इथला तयार कॅप्टन नेताना प्रशिक्षणाचा खर्च इथल्या कंपनीला भरून द्यायचा, अशी तरतूद मागा. फुटबॉलचे क्लब खेळाडूसाठी एकमेकांना पैसे मोजतातच. हिशेब कंपनी-कंपनीत होऊ दे.

१९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. तोवर पासपोर्ट ही सरकारची मर्जी समजली जात होती. साठ वर्षं होत आली त्याला.

माझ्या भाच्याने मार्चमध्ये राजीनामा दिला. तो आता कॅप्टन आहे, म्हणजे पुढचा मार्च. बाहेरच्या ज्या कंपनीने त्याला निवडलं होतं, तिने सहा महिने वाट पाहतो म्हणून कळवलं होतं, ते सप्टेंबरमध्ये संपले. भाऊ म्हणाला, बरं झालं, राहिला इथेच. भाचा काही बोलला नाही. त्या रात्री त्याला पहाटे तीनचं रिपोर्टिंग होतं, तो नऊलाच जेवून झोपला.